अजून एकच सीझन?

पत्र :

काका, नमस्कार. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. वय २८, पोझिशन सेंटर फॉरवर्ड, म्हणजे नऊ नंबरची जर्सी. मी बॉक्समधला प्लेअर, गोलसमोर थांबून मारणारा. अठराव्या वर्षापासून पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) ए डिव्हिजनला खेळलो. मग मुंबईत एका कंपनीच्या टीमकडून कॉन्ट्रॅक्टवर, एक वर्ष बंगळुरूला, नंतर दिल्लीकडच्या एका क्लबकडून आय-लीग २, म्हणजे देशातली तिसऱ्या पातळीची लीग, आणि गेले दोन सीझन गोव्यात. १० वर्षांत ७ जर्सी झाल्या. सगळे मिळून १०० च्या वर गोल आहेत. गोल सगळीकडं मारले आणि सगळीकडं ‘पुढच्या सीझनला बघू’ हेच ऐकलं. गोव्याच्या क्लबकडं माझं तीन महिन्यांचं पेमेंट अडकलंय. फोन केले, व्हॉट्सॲपवर हात जोडलेले इमोजी पाठवले. तरी तेच लोक परत बोलवताहेत. पगार वाढवून देतो म्हणतात, पण सगळं फोनवर. मागच्या वेळचा कागद सोबत जोडलाय.

इकडं एका खासगी शाळेत स्पोर्ट्स टीचरची जागा आहे, महिना १८ हजार. दादा म्हणतो शिरोलीला फौंड्रीत लावून देतो. स्थळंही येताहेत. परवा एकांनी विचारलं, मुलगा काय करतो? आई म्हणाली, फुटबॉल खेळतो. ते म्हणाले, ते असू दे, पण करतो काय?

इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी व्हार्डी पंचविशीपर्यंत नॉन-लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनच्या खालीच होता. मला वाटतंय अजून एक सीझन द्यावा, नाहीतर परत पेठेतच खेळावं लागेल. १०० गोल काही उगीच होत नाहीत. तुम्ही टीम मॅनेजर होता, खरं काय ते सांगा.

– नऊ नंबर

उत्तर :

नऊ नंबर,

तू नाव दिलं नाहीस, तेव्हा सही केलीस त्याच नावानं हाक मारतो.

शंभर गोल हा आकडा तुझ्या पत्रात दोनदा आलाय. सामने किती, ते एकदाही नाही. मी ज्या कंपनी टीमचं काम बघायचो तिथं मे-जूनमध्ये पोरांच्या फायली यायच्या. वर फोटो, मग हातात कप घेतलेली कात्रणं, मग प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. आमचा कोच ते सगळं बाजूला सारायचा आणि एवढंच विचारायचा, ‘गेल्या सीझनला किती मिनिटं खेळला?’ मग वय. मग गुडघे. गोलांची पाळी त्याच्या नंतर. कारण गोल सगळेच सांगतात आणि त्यात सराव सामन्यातले, सेव्हन्समधले (सात-सात जणांच्या मॅचमधले), जत्रेच्या स्पर्धेतले सगळे धरून सांगतात. आता फायलींच्या जागी गाणं लावलेले व्हिडिओ आलेत. त्यात गोल दिसतो. स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, पाठीवर बसलेला असताना तुला बॉल धरून ठेवता येतो का, बॉल गेल्यावर तो परत घ्यायला पहिला धावून प्रेस तू करतोस का, ७० मिनिटं झाल्यावर तुझे पाय चालतात का, हे काही त्यात दिसत नाही. घेणाऱ्याला बघायचं असतं ते नेमकं हेच.

तेव्हा एक वही घे आणि तीन रकाने आख. पहिल्यात पेठ आणि स्थानिक स्पर्धा, दुसऱ्यात मुंबई, बंगळुरू, गोव्याच्या लीग, तिसऱ्यात आय-लीग २. प्रत्येकात सामने, मिनिटं, गोल, आणि पेनल्टी वेगळ्या. आठवत नसेल तिथं रिकामं सोड, फुगवू नकोस, ही वही कुणाला दाखवायची नाहीये. माझा अंदाज विचारशील तर बहुतेक गोल पहिल्या रकान्यात पडतील. त्यात कमीपणा काही नाही, पहिल्या रकान्याविषयी मला पुढं बरंच बोलायचंय. पण ‘अजून एक सीझन’ तू मागतोयस तो दुसऱ्या-तिसऱ्या रकान्याच्या जोरावर, आणि तिथं गेल्या दोन वर्षांत तू सुरुवातीपासून किती मॅच खेळलास आणि बेंचवरून किती उतरलास, हे तुझं तुलाच माहीत.

आता व्हार्डी. आपल्याकडच्या प्रत्येक फॉरवर्डच्या फोनमध्ये ही गोष्ट असते आणि प्रत्येकाकडं ती अर्धीच असते. शेफिल्ड वेन्सडे या क्लबनं अंगानं लहान म्हणून त्याला १६ व्या वर्षी सोडलं. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून तो आठवड्याला ३० पौंडांवर खेळायचा आणि दिवसा कारखान्यात मेडिकल स्प्लिंट बनवायचा. २०१० ला हॅलिफॅक्स, २०११ ला फ्लीटवुड, तिथं एका हंगामात लीगचे ३१ गोल, आणि मे २०१२ मध्ये लेस्टरनं १० लाख पौंड मोजून त्याला नेलं. २०१६ ला प्रीमियर लीगचं विजेतेपद. इथपर्यंत तुला पाठ असणार.

यातलं तुझ्या कामाचं असं की स्टॉक्सब्रिजला असताना त्याची नोकरी चालू होती. खालच्या लीगमध्येसुद्धा वर्षाला चाळीसच्या आसपास लीगचे सामने ठरलेले होते, त्याशिवाय कपच्या मॅच. आणि तिथल्या लीग वरपासून खालपर्यंत एकमेकींना बांधलेल्या आहेत, जिंकणारा संघ वर चढतो आणि हरणारा उतरतो, त्यामुळं सातव्या पातळीवर कुणी धडाधड गोल मारायला लागला की पाचव्या पातळीवरच्या क्लबला ते कळतंच. बरं, तू ज्या पंचविसाव्या वर्षाचा दाखला देतोस त्या वर्षी तो इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवरच्या क्लबमध्ये पोहोचला होता. तू २८ चा आहेस.

तुला इंग्लंडचाच दाखला हवा असेल तर रिकी लॅम्बर्टचा घे, तो तुझ्या जवळचा आहे. लिव्हरपूलनं पोरवयात सोडलेला. ब्लॅकपूलमधून बाहेर पडल्यावर बीटरूटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावायचं काम करत होता. मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, सगळे खालच्या डिव्हिजनचे क्लब. २००९ ला साउदॅम्प्टननं घेतला तेव्हा तो २७ चा होता आणि साउदॅम्प्टन तेव्हा तिसऱ्या पातळीवर होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये, ३१ व्या वर्षी, इंग्लंडकडून पहिल्याच मॅचला स्कॉटलंडविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि पहिल्याच स्पर्शाला हेडरनं गोल. वाचायला झकास आहे. पण त्याच्या त्या सगळ्या वर्षांत एकही वर्ष असं नव्हतं की चार महिने खेळला आणि आठ महिने घरी बसून फोनची वाट बघितली. आणि स्टॉक्सब्रिजकडून व्हार्डीबरोबर खेळलेल्या बाकीच्या फॉरवर्डांची नावं तुला-मला माहीत नाहीत. ते शनिवारी खेळले आणि सोमवारी कामावर गेले. तुझी तुलना करायची तर त्यांच्याशी कर. त्यांचं काही वाईट झालं असं मला वाटत नाही.

आपल्याकडं काय आहे? आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आज देशातली सर्वांत वरची लीग, २०१४ ला सुरू झाली. तिच्या खाली आय-लीग. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जाणारा पहिला संघ पंजाब एफसी, तोही २०२३ ला. खाली आय-लीग २, २०२३ पासून त्याच्याही खाली आय-लीग ३, आणि मग राज्यांच्या लीग. कागदावर पाच पातळ्या. पण खालच्या पातळ्यांवर गटातल्या मॅच, जमलं तर पुढची फेरी, आणि खेळ खलास. दहा-बारा मॅचमध्ये स्ट्रायकरला फॉर्म सापडेपर्यंत करार संपलेला असतो. तुला दोन मॅच गोल झाला नाही तर तिसऱ्या मॅचला बेंच, आणि चौथ्या-पाचव्यात तुझा सीझनच गेला. डिफेंडरला एवढी घाई कुणी करत नाही.

त्यात क्लबच टिकत नाहीत. पुण्याचं बघ. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी. २०१५ ते २०१९ या एवढ्या काळात चारही गेले. मुंबईत महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद झाला, १९६२ पासूनचा क्लब. २०१७ ला मुंबई एफसी गेला. गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो २०१६ ला आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो मागून परत आला आणि २०२४ ला आय-लीगमध्ये चढला, हे एक चांगलं झालं. २०२५ ला तर खुद्द आयएसएलचाच हंगाम करारांच्या घोळात अडकला आणि वरच्या काही क्लबांनी पगार थांबवले. तिथं ही तऱ्हा, तर तुझ्या क्लबच्या ‘पुढच्या सीझनला बघू’ला किती वजन द्यायचं ते तूच ठरव. हे म्हणणारा माणूस खोटं बोलतो असं नाही. पुढच्या सीझनला क्लब असेल का, हे त्यालाही माहीत नसतं.

आता तुझी जागा. भारताचा फॉरवर्ड सुनील छेत्री जून २०२४ ला देशाकडून खेळण्यातून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ ला, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. हे वाचून तुझ्यासारख्या प्रत्येकाला वाटतं की देशाला नऊ नंबर मिळत नाहीये, म्हणजे आपला नंबर लागणार. भावा, उलटं आहे. मिळत नाहीये कारण पैसेवाले क्लब गोल मारायचं काम परदेशी माणसाला देतात आणि आपल्या पोराला विंगवर सरकवतात. आपल्या कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात फॉरवर्ड म्हणून गाजला, पुढं क्लबांकडून तो बहुतेक विंगवरच दिसला. तो वेगवान आहे, त्याला ते जमलं. तू पत्रात स्वतःला ‘बॉक्समधला प्लेअर’ म्हणवतोस. बॉक्समधल्या भारतीय प्लेअरला वर गिऱ्हाईक नाही. हा दोष तुझा नाही, पण भोगायचा तुलाच आहे.

एवढं ऐकून तू म्हणशील, म्हणजे सोड म्हणताय. थांब जरा. आधी गोव्याचा कागद.

तू जोडलेला कागद मी भिंग घेऊन वाचला म्हटलास तरी चालेल. एक पान. वर क्लबचं चिन्ह, खाली इंग्रजीत सहा ओळी. तुझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय आणि तू तसंच सही करून दिलंयस. ‘सीझनसाठी’ असं आहे, पण सीझन कोणत्या तारखेला सुरू आणि कोणत्या तारखेला संपणार ते नाही. पगाराचा आकडा आहे, पण महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत मिळणार ते नाही. राहणं-जेवण क्लबकडं, हे आहे. दुखापत हा शब्दच कुठं नाही. क्लबच्या बाजूनं एक सही आहे, सही कुणाची आणि त्याचा हुद्दा काय ते नाही, आणि शिक्का असा मारलाय की अर्धा पानाच्या बाहेर गेलाय. या कागदावर तू दोन सीझन पळालास. या वेळी तर तेवढाही कागद नाही, नुसता फोन. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

फिफाचा नियम साधा आहे. ज्याच्याशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळायच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात तो प्रोफेशनल, बाकी सगळे हौशी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत, ज्याला तुम्ही सीआरएस म्हणता, तुझी नोंद क्लबनं यातली कोणती केलीय ते आधी बघून घे. पुष्कळ क्लब पगार देतात आणि नोंद हौशी म्हणून करतात. तशी केली असेल तर थकलेल्या पैशाचं भांडण तुला फार जड जाईल. नोंद प्रोफेशनल असेल तर फिफाच्याच नियमावलीत असं आहे की दोन महिन्यांचे पगार थकले आणि खेळाडूनं लेखी मागणी करून क्लबला किमान १५ दिवसांची मुदत दिली, तरी पैसे आले नाहीत, तर त्याला करार मोडता येतो आणि चूक क्लबची धरली जाते. तुझे तीन महिने थकलेत. तू लेखी काय दिलंस? पत्रावरून दिसतं की फोन केलेस आणि व्हॉट्सॲपवर हात जोडलेले इमोजी पाठवलेस.

आज ईमेल कर. चार ओळी पुरेत. कोणते महिने, किती रक्कम, कोणत्या कराराप्रमाणं, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची. रागाचा एक शब्द नको. त्या व्हॉट्सॲपवर ‘देतो’ म्हणून आलेली उत्तरं जपून ठेव, ती कामाला येतात. बँकेत आधीच्या महिन्यांचा पगार जमा झालाय त्याचं स्टेटमेंट काढ. रोख घेतला असशील तर अवघड आहे. उत्तर आलं नाही तर महासंघाच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडं जायची वाट आहे. फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना २००६ पासून आहे, तिलाही लिही. वकिलावर खर्च करायच्या आधी हे करून बघ. भांडलो तर परत कोण घेईल, ही भीती मला कळते. पण ज्यानं तीन महिने बुडवले तोच परत बोलवतोय. जुनी बाकी मिटवायच्या आधी जास्त पगाराची ऑफर येते, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की तू बाकी मागू नयेस.

गोव्याला जायचंच असेल तर माझ्या अटी या. जुने तीन महिने आधी खात्यात. नवा करार तारखांसकट, तुझं नाव बरोबर लिहिलेला, आणि त्याची एक प्रत तुझ्या हातात, त्यांच्या कपाटात नाही. दुखापतीचा खर्च कोण करणार हे त्यात स्पष्ट. ही शेवटची अट सोडू नकोस. गुडघ्यातला एसीएल हा स्नायुबंध गेला तर ऑपरेशन, मग फिजिओ, परत मैदानात यायला नऊ महिने ते वर्ष, आणि तुझ्या वयाला तेवढ्या काळात तुझी जागा कुणीतरी घेतलेली असते. हे सगळं शाळा उघडायच्या आत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, झालं तर जा आणि मन लावून खेळ. नाही झालं तर शाळेत हजर हो. दोन्हीकडं ‘कळवतो’ म्हणत जून घालवलास तर दोन्ही जातील.

मला विचारशील तर ते होणार नाही. तू कोल्हापुरातच राहशील, आणि माझं मत आहे की राहावंस.

फौंड्रीचं दादानं प्रेमानं सुचवलंय, पण शिफ्टमध्ये उभं राहून आलेला माणूस संध्याकाळी प्रॅक्टिसला येत नाही. शाळेची नोकरी घे. १८ हजार कमी आहेत, मान्य. पण खासगी शाळेतला कंत्राटी स्पोर्ट्स टीचर म्हणून तू तिथंच थांबलास तर दहा वर्षांनीही फार पुढं गेलेला नसशील. कायम शिक्षक व्हायला बी.पी.एड. लागतं, दोन वर्षांचा कोर्स, त्याची सीईटी असते. तू पदवी पूर्ण केलीस का, हे पत्रात लिहिलं नाहीस. नसेल केली तर आधी ती. दुसरीकडं महासंघाचं डी लायसन्स काढ. थोड्या दिवसांचा कोर्स आहे, त्यावर लहान मुलांना शिकवायचं काम मिळतं, आणि त्यापुढं एएफसीचं सी, मग बी अशी चढण आहे. सातआठ कोचच्या हाताखाली खेळलेला, बेंचवर बसलेला, पगार बुडालेला फॉरवर्ड पोरांना जे सांगू शकतो ते आयुष्यभर एकाच टीममध्ये मिरवलेल्या स्टारला सुचतही नाही.

सरकारी नोकरीचा विषय तू काढलाच नाहीस, म्हणून मीच काढतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्याची खुली भरती १८ ते २५ वयाची, त्यात सवलत नाही, ते दार तुला बंद झालं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि वयाचीही सवलत असते. पण तिथं तुझे पेठेचे गोल कुणी मोजणार नाही. अधिकृत राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांचं प्रमाणपत्र लागतं, बहुतेक ठिकाणी नुसता सहभाग पुरत नाही, स्थान विचारतात, आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्या प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. शाळा-कॉलेजपासूनची सगळी प्रमाणपत्रं ट्रंकेतून बाहेर काढ आणि ती कुठल्या पदाला चालतात ते त्या कार्यालयात जाऊन विचार. एजंटाला नाही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं होऊन गेलीत, त्या फंदात चुकूनही पडू नकोस.

आणि आता पहिला रकाना. मला यावर तुझ्याशी भांडायचंय, कारण तू पेठेच्या फुटबॉलबद्दल ‘परत पेठेतच खेळावं लागेल’ असं लिहिलंयस. लागेल? एप्रिलच्या चार वाजता शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच असते तेव्हा ऊन असं असतं की दगडी पायऱ्यांवर हात ठेववत नाही, आणि तरी बसायला जागा नसते. हलगी वाजत असते. पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबापर्यंत प्रत्येकाला पाठ असतं की कोण डावखुरा आहे आणि कुणाचा घोटा दुखतोय. तू राज्याबाहेरच्या ज्या मॅच खेळलास त्यातल्या कितींना पायऱ्या भरलेल्या होत्या? आय-लीग २ च्या मॅचला तुझ्या स्वतःच्या टीमचा ड्रायव्हर धरून किती माणसं होती? ‘खालच्या लीग’मध्ये खेळायचं तर माणसांसमोर खेळावं, असं माझं मत आहे. देशात अशी गावं हाताच्या बोटावर मोजण्याएवढी आहेत, आणि तुझं त्यातलं एक आहे.

शिवाय बॉक्समधल्या प्लेअरला तिथं अजून गिऱ्हाईक आहे. ए डिव्हिजनला तिशी ओलांडलेले फॉरवर्ड तू स्वतः बघितलेस. पळणं कमी झालं की ते थोडे खाली येऊन खेळतात, पोरांना पास देतात, कॉर्नरला डोकं लावतात. नोकरी करून हे सगळं जमतं. दोष नाहीत असं नाही. पैसे पाकिटातून मिळतात, त्याला ना कागद ना पावती, आणि गुडघा गेला तर तालमीत वर्गणी काढतात, तीही पहिल्या महिन्यात उत्साहानं आणि नंतर आठवण करून दिल्यावर. म्हणून स्वतःचा अपघात विमा काढ, आणि खेळताना झालेली दुखापत त्यात बसते का, हे पॉलिसी वाचून बघ. केएसएची नोंदणी करायच्या आधी गोव्याच्या क्लबकडून ना हरकत घे, नाहीतर ऐन मोसमात कुणीतरी तक्रार ठोकेल आणि तू पायऱ्यांवर बसून मॅच बघशील. आणि सीझन संपल्यावर गावोगावच्या सेव्हन्सला हजार-दोन हजारासाठी खडकाळ मैदानावर उतरू नकोस. गुडघे तुझे एकच जोडी आहेत आणि शाळेत दिवसभर उभं राहायचंय.

स्थळांचं म्हणशील तर आईनं दिलेलं उत्तर बरोबर होतं, फक्त ते तू द्यायला हवं होतंस. मुलगी बघायला जाशील तेव्हा तिला एकटीला सांग की महिन्याला किती येतात, किती थकलेत, संध्याकाळी दोन तास मी मैदानावर असणार आणि मोसमात रविवार माझा नाही. तिला चालत असेल तर चालेल. बाकी मंडळी काय म्हणतात त्याला फार किंमत देऊ नकोस. कोल्हापुरात सासऱ्याची पेठ वेगळी निघाली तर मात्र मी काही मदत करू शकत नाही.

शेवटी तुझा ताजा कलम. वर तो छापला नाही, पण उत्तर देतो. गोव्याचे पैसे आले असं वडिलांना सांगून तू मित्राकडून ४० हजार उसने घेऊन घरात दिलेस आणि आता तो मित्र मागतोय. वडिलांना सांग. मित्राला हप्ता बांधून दे, पहिला शाळेच्या पहिल्या पगारातून, आणि त्या क्लबला पाठवशील त्या ईमेलची एक प्रिंट वडिलांच्या हातात दे. तू लिहिलंयस की त्यांनी स्वतः वीस वर्षं पेठेचा गोल सांभाळला. थकलेलं मानधन म्हणजे काय, हे त्यांना तुझ्याकडून समजून घ्यायची गरज पडणार नाही. या आठवड्यातच सांग, येत्या रविवारी पाहुणे यायच्या आत.